खांद्यावरची चार बोटं

जुळे सोलापूर,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. यज्ञेश्वर यास,
वैजयंतीताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कॉलनीतल्या बायकांनी तुळशीचं लग्न थाटात लावलं. मीही अक्षता टाकल्या आणि ऊस-बोरं घेऊन घरी आले. थंडी अजून नावालाच आहे. गोदावरीच्या गुडघ्याला त्या तेलाने उतार पडला का? तिला म्हणावं, देवळाच्या पायऱ्या चढणं आता यजमानांवर सोड. मी परवा मागची खोली धुऊन काढली. पलंग भिंतीला उभा करून ठेवला आहे.

फोन सोडून पत्र कसं आलं, असं तुला वाटेल. फोन केला की तू माझं बोलणं स्पीकरवर टाकतोस आणि ओसरीवर बसलेले चौघे माना डोलावतात. मेसेज केला की तो पुरता वाचायच्या आत पुढे ढकलतोस. म्हणून कागद घेतला. हे एकट्याने वाच, मग गोदावरीला वाचून दाखव. त्याचा फोटो काढू नकोस. काढलास तर मला कळेल. कसं कळेल ते पुढे येईलच.

तुला आठवतं, मी टेलिफोन खात्यात लागले तेव्हा तू सुट्टीला आलास की विचारायचास, "ताई, आज काय ऐकलंस?" मी म्हणायचे, "घंटी." तू चिडायचास. ट्रंक कॉल जोडताना लोकांची लग्नं जमलेली ऐकली, मोडलेली ऐकली, कोणाच्या मुलीला कुठे लपवलंय तेही ऐकलं. त्यातला एक शब्द मी दाराबाहेर नेला नाही. बाबांनी मला मामाकडे ठेवून कॉन्व्हेंटात घातलं आणि तुला केमच्या शाळेत, याचा राग तू अजून काढतोस. काही पटलं नाही की "मॅडमला गावचं कळत न्हाय" म्हणून मोकळा होतोस. नसेल कळत. पण शेजारणीच्या डेस्कचं झाकण न विचारता उघडलं म्हणून सिस्टर बेनेडिक्टांनी माझ्या तळहातावर पट्टी मारली होती, तेवढी एक पट्टी तुलाही मिळायला हवी होती. पुढे तू स्वतः मास्तर झालास, आणि मारणारं कोणी उरलं नाही.

तू पोटच्या पोरीचा, श्रावणीचा बायोडेटा तिला न विचारता लग्नाच्या ग्रुपवर टाकलास. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, गोत्र, उंची, रक्तगट, मामांचं नाव आणि गाव, नोकरीसाठी ती राहते म्हणून माझ्या घराचा पत्ता. मुलगी कमावती आहे हे लोकांना दिसावं म्हणून चिंचोळी एमआयडीसीतल्या तिच्या औषध कारखान्याचा पत्तासुद्धा. वर साडीतला फोटो. तिने दोनदा सांगितलं, "बाबा, काढा ते." तू म्हणालास, "काढला की." काढलास तो तुझ्या फोनवरून. त्या ग्रुपातल्या बाकीच्या शेकडो फोनांवर तो आहे तसाच आहे आणि तिथून आणखी कुठे कुठे गेला ते देवालाही माहीत नसेल.

"सगळेच टाकतात, ताई," असं तू म्हणशील. सगळेच टाकतात, म्हणून तर त्या अनिमेष वाळवेकरला तिला शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत.

फेब्रुवारीत तो आपल्या आईला घेऊन मुलगी बघायला केमला आला. श्रावणी त्याच्याशी अर्धा तास बोलली आणि नाही म्हणाली. स्पष्ट म्हणाली, मी तिथे होते. विषय तिथे संपायला हवा होता. त्यानंतर महिन्याभराने तो कारखान्याच्या आत, तिच्या लॅबच्या दारात उभा होता. गेटवरच्या बिभीषणला मी जाऊन फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "म्याडम, मामाचा पोरगा म्हनला. मामाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पाव्हणा खरा वाटला. मग सोडला की आत." मामाचं नाव त्याला कुठून मिळालं ते तुला सांगायला नको.

श्रावणात तो माझ्या दारी आला, पांढरा शर्ट, हातात पेढे. म्हणाला, "आत्या, आज श्रावणीचा तिथीने वाढदिवस." माझ्याही लक्षात नव्हतं रे. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाला, "जन्मवेळ होती ना दिलेली. मी काढली तिथी." आणि हसला. त्याने वाकून नमस्कार केला आणि मी दार लावून घेतलं, पण माझ्या पायाला त्याच्या बोटांचा स्पर्श झाला तो झालाच. श्रावणी आत स्वयंपाकघरात हातातलं भांडं घट्ट धरून उभी होती. आवाज होऊ नये म्हणून.

मग दसऱ्याला त्याने त्या ग्रुपवर तो फोटो टाकला. साखरपुड्याचा. दोघांच्या गळ्यात हार, मागे फुलांची सजावट. श्रावणी त्या दिवशी माझ्याकडे पुरणपोळ्या लाटत होती. मी तुला फोन केला. आपलं बोलणं तू विसरला असशील, मी विसरलेले नाही.

"ताई, फोटो खोटा असंल, पण वाईट काय दिसतोय का?"

"यज्ञा, ती तिथे नव्हती!"

"नव्हती म्हणून तर कॉम्प्युटरवर केलाय ना. एकेकाला हौस असती. तू लई ताणतीस बघ."

आणि मागून गोदावरी, "जोडा शोभतो हो, वन्सं."

ग्रुपवर लोकांनी तुझं अभिनंदन केलं. तू हात जोडल्याचं चित्र टाकलंस. नाही म्हणाला नाहीस, हो म्हणाला नाहीस. पण त्या एका चित्राने तू मुलगी देऊन बसलास. दुसऱ्या दिवसापासून तिच्या नावाचं एक खोटं खातं निघालं आणि त्यावरून "श्रावणी" सगळ्यांना धन्यवाद द्यायला लागली. कारखान्यातल्या मुली पेढे मागायच्या. ती सांगायची, हे खरं नाही. त्या म्हणायच्या, "लाजते बघ कशी!" तुझी लेक खरं बोलत होती आणि तिच्याच नावाने कोणीतरी खोटं बोलत होतं. लोकांनी खोटीवर विश्वास ठेवला, कारण खोटीच्या मागे तिचा बाप हात जोडून उभा होता.

आता जे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते लिहिते. तुळशीचं लग्न आणि गोदावरीचा गुडघा मध्ये घातला, कारण हे वाचल्यावर तू ते वाचणार नाहीस.

सोमवारी मी श्रावणीला घेऊन सायबर पोलिसांकडे गेले. शिवशरण नावाच्या बाई अधिकारी आहेत, वयाने श्रावणीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "पाठलाग हा गुन्हा आहे, फोनवरून केला तरी. खोटं खातं काढणं, असा फोटो करणं, हेही गुन्हे आहेत. ही माहिती आणि मूळ फोटो पहिल्यांदा कोणी टाकला?" श्रावणी खाली बघत राहिली. तिच्या तोंडून ते निघणार नव्हतं. मी म्हणाले, "तिच्या वडिलांनी. यज्ञेश्वर, माझा भाऊ." त्यांनी लिहून घेतलं. तुला बोलावणं येईल.

त्यांनी त्याच दिवशी अनिमेषलाही बोलावून घेतलं. तो आला, अदबीने बसला आणि आपला फोन पुढे केला. त्यात तुझा मेसेज होता. "मुली आधी नाहीच म्हणतात. तुळशीचं लग्न झालं की तारीख धरू." बाईंनी तो मोठ्याने वाचला. श्रावणीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

शिवशरणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मावशी, तक्रार मी नोंदवून घेतली आहे. पण तो म्हणणार की लग्न ठरलंय, पत्ता वडिलांनी दिला, शब्द वडिलांनी दिला. वडील काय सांगतात त्यावर बरंच ठरेल."

वडील काय सांगतात!

मंगळवारी तू फोन केलास. "कुठाय पोर? दोन दिवस फोन उचलत न्हाय." तुझा आवाज हलला होता. तुझं तिच्यावर प्रेम आहे याविषयी मला शंका नाही. तिची तिशी जवळ आली, दोन ठिकाणांहून नकार आले, आणि एक मुलगा येऊन तुझ्या पाया पडला. तुला तो देवमाणूस वाटला. मला समजतं. पण मी तेव्हा तुला जे सांगितलं ते खोटं होतं. मी म्हणाले, गुरुवारी दुपारी तीनच्या गाडीने ती पुण्याला मैत्रिणीकडे जाणार आहे, एसटी स्टँडवरून. हे मी दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही. शेजारी नाही, पोलिसांना नाही. फक्त तुला.

गुरुवारी मी एकटी स्टँडवर गेले. नेहमीचा रिक्षावाला कल्लप्पा होता. उतरताना म्हणाला, "अक्का, एक सांगू का? त्यो पांढऱ्या शर्टाचा मानूस कालबी तुमच्या गल्लीत हुबा होता की." पुण्याच्या फलाटासमोर पदर डोक्यावरून घेऊन बाकावर बसले.

यज्ञा, मी देवाला हात जोडून बसले होते. म्हटलं, तो येऊ देऊ नकोस. मला खोटं ठरू दे, माझा भाऊ भोळा आहे एवढंच निघू दे.

तो आला. तीनच्या गाडीच्या एकेका खिडकीशी थांबून आत बघत पुढे गेला. मग वर चढला, मागच्या सीटपर्यंत जाऊन उतरला. कंडक्टरला काहीतरी विचारलं. मग त्याने वळून बाकांवरच्या बायका बघितल्या, एकेक करून, आणि माझ्यापाशी आला.

"आत्या! एवढ्या उन्हात कशाला बसलात? श्रावणी कुठाय? काका म्हणाले तीनची गाडी."

काका म्हणाले. मी विचारलं, "कधी म्हणाले?"

"मंगळवारीच. ते काही लपवत नाहीत माझ्यापासून." आणि तेच हसू. "असू द्या. घाई नाही. चला, तुम्हाला सोडतो. घर मला माहीत आहे."

मी म्हणाले, "मला चालता येतं. आणि मला आत्या म्हणू नकोस, तो हक्क एकीचाच आहे." तो तसाच हसत राहिला. मी रिक्षात बसेपर्यंत तो जागचा हलला नाही.

म्हणून मागची खोली धुतलेली आहे आणि पलंग भिंतीला उभा आहे. श्रावणी सोलापुरात नाही. ती बुधवारी पहाटेच, गल्ली जागी व्हायच्या आत गेली. फोन इथेच ठेवून गेली. सुखरूप आहे, जेवते आहे, हे शिवशरणबाईंना माहीत आहे आणि मला माहीत आहे. तू विचारू नकोस. तू बाप आहेस, विचारायचा तुझा हक्क आहे, आणि मी तरीही सांगणार नाही. तुला कळलं की त्याला कळतं, आणि त्याला कळलं की तो माझ्यासमोर येऊन ते बोलून दाखवतो. हे मी रागाने लिहीत नाही. गुरुवारी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते.

आज सकाळी फाटकाच्या कडीला पेढ्यांची पुडी अडकवलेली होती. कालही होती. त्यावर काही लिहिलेलं नसतं. मी ती न उघडता पिशवीत घालून पोलिसांसाठी ठेवते. समोरच्यांनी त्यांचा कॅमेरा माझ्या दाराकडे वळवून दिला आहे. मी सांगितल्यावर, मला विचारून. असंही करता येतं, बघ.

आता तू काय करायचं ते ऐक. हे पत्र मिळालं की दुसऱ्याच दिवशी ये. आधी त्या ग्रुपवर तुझ्या स्वतःच्या शब्दांत लिही, की हा साखरपुडा झालेला नाही, फोटो खोटा आहे, माझ्या मुलीने या मुलाला नकार दिला आहे आणि तिची माहिती मी तिला न विचारता टाकली होती. चित्र टाकू नकोस, अक्षरं लिही. मग माझ्याबरोबर चल आणि बाईंसमोर तेच सांग. लोक हसतील. हसू देत. तू नाही म्हणालास तर त्याच्या हातातला तुझा शब्द संपतो. तू आला नाहीस, तर तो शब्द घेऊन हा माणूस गावोगाव तिला शोधत हिंडेल आणि प्रत्येक गेटवर कोणीतरी बिभीषण त्याला आत सोडेल.

स्टेशनवर मी येईन. फोनवर मला "येतो" एवढंच सांग. कोणत्या गाडीने ते सांगू नकोस, मी सकाळपासून बसेन. आणि त्याला काहीच सांगू नकोस. जमेल का तुला? आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवणं?

एक राहिलं. तो खोटा फोटो पुन्हा एकदा नीट बघ. तू टाकलेला तिचा मूळ फोटो गोदावरीच्या भाचीच्या लग्नातला आहे. तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. त्याने मला कापून काढलं आणि माझ्या जागी स्वतःला उभं केलं. पण श्रावणीच्या डाव्या खांद्यावर, हाराच्या वर, चार बोटं राहून गेली आहेत. एकात आईची पोवळ्याची अंगठी आहे. त्याला ती दिसली नाहीत. हात जोडताना तुलाही दिसली नाहीत.

ती मी उचलणार नाही.

तुझी, पण आधी तिची,
वैजयंतीताई