चि. की डॉ.

१ जानेवारी, सकाळी ७.१०
यंदा पीएच.डी. संपवायचीच. गेल्या वर्षीच्या डायरीतही पहिल्या पानावर हेच वाक्य आहे, पण त्यात ‘च’ नव्हता.
विषय पक्का आहे. ‘शहरातील रस्त्यांवरचे दिवे : तेलापासून विजेपर्यंत’. रजिस्ट्रेशनचं हे शेवटचं वर्ष. सात प्रकरणं. महिन्याला एक धरलं तरी जुलैअखेर मोकळा. ऑगस्टमध्ये नुसती प्रूफं तपासायची.
मग लग्न. दोन्ही घरांनी ठरवून दोन वर्षं झाली. आधी डिग्री, मग लग्न, हे माझंच म्हणणं. ती दाताची डॉक्टर. पत्रिकेत तिच्या नावामागे डॉ. आणि माझ्या नावामागे नुसतं चि., हे दिसायला बरं दिसत नाही. तेहेतिशी उलटलेल्या माणसाने किती काळ चिरंजीव राहायचं. हे सगळं तिला समजावलं तेव्हा तिने घड्याळाकडे बघून मान डोलावली. समजूतदार आहे.

५ जानेवारी
वेळापत्रक तयार झालं. वाचन निळं, लेखन लाल, चिंतन हिरवं. आई बघून म्हणाली, छान हिरवंगार झालंय.

६ जानेवारी
आज लाल होतं. बसलो आणि लक्षात आलं की अडचण खुर्चीची आहे. पाठ धरलेली असताना इतिहास लिहून होत नाही. वडिलांची हातांची खुर्ची माझ्या खोलीत आणली. वडील आता पलंगावर बसून पेपर वाचतात. पान मात्र जोरात उलटतात.

१२ जानेवारी
सकाळचे कॉलेजातले तास उरकून गाईडसरांकडे. तासिका तत्त्वावर शिकवणं म्हणजे संशोधकाच्या गळ्यात लोढणं आहे, पण असो. सरांपुढे उजेड आणि सत्ता यांच्या नात्यावर बराच वेळ बोललो. सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, लिहून आणा.
गेली पाच वर्षं ते दर भेटीत एवढंच म्हणतात. इतक्या कमी शब्दांत मार्गदर्शन करणारा माणूस विरळा.

२३ जानेवारी
मावसभावाची पीएच.डी. झाली. रसायनशास्त्र. तीन वर्षांत. मावशीने फोनवर दोनदा सांगितलं. रसायनशास्त्रात काय, बाटल्या हलवायच्या आणि रंग बघायचा. आमच्याकडे रंग बदलायलाच शंभर वर्षं लागतात.
हे वाक्य चांगलं जमलंय. प्रस्तावनेत घेता येईल.

२ फेब्रुवारी
तिला भेटलो. तिच्या दवाखान्यासमोरच्या हॉटेलात, चहा. किती पानं झाली, असं तिने विचारलं. म्हटलं, संशोधन पानांत मोजत नाहीत. मग कशात मोजतात, असं तिने विचारलं. प्रश्न मूलभूत आहे. वहीत टिपून ठेवला.
मग ती तिच्या एका सीनियर बाईंबद्दल बोलली. दुसऱ्या गावी त्यांचा चांगला चालणारा दवाखाना आहे, त्या आता थकल्या, सगळं हिच्या हवाली करायचं म्हणतात. तुला काय वाटतं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, घाई करू नकोस, सगळ्या बाजूंनी विचार कर, हवं तर वर्षभर कर. सल्ला पटला असावा. चहा अर्धा टाकून तडक विचार करायला गेली.

१६ फेब्रुवारी
घबाड सापडलं. नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात दिवे-इन्स्पेक्टरचे रोजचे रिपोर्ट, गठ्ठेच्या गठ्ठे. एका कोपऱ्यावरच्या दिव्याने या माणसाला अगदी भंडावून सोडलं होतं. ‘दिवा पुन्हा विझलेला. तेल कमी भरले. दिवे लावणाऱ्यास विचारता वारा म्हणतो. वारा नव्हता.’ दुसऱ्या दिवशी, ‘वारा होता, पण इतका नव्हता.’
काय लेखणी आहे. हिरवे तास रद्द करून सगळे निळे केले.

९ मार्च
अजून त्याच दिव्यापाशी आहे. तेल चोरीला जातंय असा इन्स्पेक्टरचा संशय, आणि माझाही. पहिलं प्रकरण खरं तर जानेवारीतच व्हायचं होतं. पण चोर मोकाट असताना लिहायला बसणं म्हणजे बेजबाबदारपणा.
ती म्हणते, रविवारी सिनेमाला जाऊ. म्हटलं, तेलाचं काहीतरी लागू दे. बरं म्हणाली.

२७ मार्च
चोर नव्हताच. शेवटच्या गठ्ठ्यात नगरपालिकेच्या इंजिनियरचा शेरा मिळाला. तो दिवा वर्षभरापूर्वीच खांबासकट काढलेला होता. इन्स्पेक्टर घरी बसून रिपोर्ट लिहीत होता.
गठ्ठा पुन्हा नीट बांधून ठेवला. लोक याला कामचुकार म्हणतील. मी म्हणत नाही. नसलेल्या दिव्याबद्दल वर्षभर इतकं बारकाईने लिहीत राहणं सोपं नाही.

३० मार्च
सरांना म्हटलं, प्रबंध एकट्या इन्स्पेक्टरवरच करतो. सर म्हणाले, विषय आता बदलता येत नाही. लिहून आणा.

१४ एप्रिल
निर्णय घेतला. प्रबंध शेवटाकडून लिहायचा. अवघड भाग मागे ठेवून ऋणनिर्देश हातावेगळा केला. एका बैठकीत. हात इतका मोकळा कधीच चालला नव्हता. सर, दफ्तरखाना, आई, वडील (खुर्चीसह). मामाचं नाव घाल, असं आईने सांगितलं. मामाचा संबंध काय, असं विचारल्यावर म्हणाली, तुझी कधी होणार म्हणून तो दर आठवड्याला चौकशी करतो. घातलं.
शेवटचं वाक्य तिच्यासाठी. ‘आणि माझी भावी पत्नी, जिच्या अखंड संयमाशिवाय हा प्रबंध पुरा झाला नसता.’ फोन करून वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, ‘अखंड’ हा शब्द तू नीट तपासून घेतलास का.
शब्दांच्या बाबतीत ती माझ्या तालमीत तयार होते आहे.

२१ मे
तापमानामुळे मे महिना बाद.

१५ जून
सरांचा स्वतःहून फोन. पाच वर्षांत पहिला. म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज तरी करा. अर्जात कारणं लिहायची होती. साधनांची दुर्मिळता, दफ्तरखान्याच्या वेळा, पाठ, विषयाची व्याप्ती. पुरवण्या जोडाव्या लागल्या. सरांनी उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाले, अर्जाची भाषा ओघवती आहे. मग चष्मा पुसत म्हणाले, एवढंच दिव्यांवर लिहिलं असतंत तर.
वाक्य अर्धं सोडलं. त्यांची पद्धतच तशी आहे, विद्यार्थ्याला विचार करायला लावतात.

१२ जुलै, रविवार
ती घरी आली होती. आधी आईजवळ ओट्याशी उभी राहून बोलली, मग वडिलांजवळ बसली. वडिलांनी तिला पेपरची पुरवणी दिली. पुरवणी ते कोणाला देत नाहीत.
नंतर आम्ही दोघं गॅलरीत. तिने सगळं सरळ सांगितलं. सीनियर बाई आता थांबायला तयार नाहीत, महिनाअखेर उत्तर हवंय. आपण पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न करू. तू माझ्याबरोबर चल. दिवे तिथे बसून लिही, डिग्री मिळेल तेव्हा मिळेल, नाही मिळाली तरी माझं काही अडत नाही. हो की नाही, तेवढं सांग.
मी म्हटलं, अशा प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. एका शब्दातच देता येतं म्हणून तर विचारलं, असं ती म्हणाली. मी दोन दिवस मागून घेतले.
ती गेल्यावर आईने विचारलं, काय म्हणालास. म्हटलं, विचाराधीन आहे. आई दार लावून आत गेली.

१४ जुलै
दोन दिवस संपले. उत्तर ‘हो’ आहे, त्यात शंका नाही. खरं सांगायचं तर ते गॅलरीतच तयार होतं. पण नुसतं ‘हो’ म्हणणं म्हणजे पुराव्याशिवाय विधान करणं. इतक्या वर्षांनी तिला काहीतरी भरीव मिळायला हवं. लेखी देतो. आज प्रस्तावना.

१९ जुलै
लेखनाला विलक्षण गती आली आहे. ‘पूर्वपीठिका’ झाली. त्यात आमची पहिली भेट, तिचा निळा ड्रेस, मी दिव्यांवर बोलत असताना तिने जांभई दाबली ती कशी दाबली, हे सगळं कालक्रमाने. तारीख आठवेना तेव्हा जुन्या डायऱ्या काढल्या. तळटीपा दिल्या. सगळे तास लाल. वडील दारातून डोकावले आणि मी लिहितोय हे बघून चहा ठेवून पाय न वाजवता गेले.
तिचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही. ओघ तुटला असता. आणि अर्धवट निष्कर्ष तोंडी सांगणं मला मान्य नाही.

२४ जुलै
प्रकरण तिसरं, ‘विवाह आणि विद्वत्ता : परस्परसंबंध’. थोडं लांबलं. तिचा फोन आज आला नाही. माझं काम चाललंय हे ओळखून असणार.

२८ जुलै
पूर्ण. प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सलग, मधे कुठे ‘येथे भर घालणे’ नाही. निष्कर्ष शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत : सबब, हो.
स्पायरल बाइंडिंग करून घेतलं, वर पारदर्शक कव्हर. दवाखान्यात नेलं तेव्हा आत पेशंट होता आणि मशिनचा आवाज येत होता. बाहेरच्या मदतनीस बाईंपाशी ठेवून आलो. त्यांनी विचारलं, एक्स-रे आहे का. म्हटलं, एका अर्थाने.

३१ जुलै
उत्तर नाही. वाचत असेल. तळटीपांना वेळ लागतो.

२ ऑगस्ट
मुदतवाढ मिळाली. पूर्ण एक वर्ष. विद्यापीठाने माझ्यावर टाकलेला हा विश्वास आहे. वेळापत्रकाची नवी प्रत काढली, या वेळी चार रंग. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं. वडिलांनी पेपर खाली ठेवून विचारलं, आणि तिकडे. म्हटलं, वाचन चालू आहे. त्यांनी पेपर परत वर घेतला, पण पान काही उलटलं नाही.

४ ऑगस्ट
सकाळपासून डावीकडची दाढ ठणकत होती. तसाच दवाखान्यात गेलो. त्या निमित्ताने अभिप्रायही कळला असता.
बाहेरच्या खोलीत खोकी रचून ठेवलेली. भिंतीवरचं दातांचं चित्र उतरवलेलं, त्याची जागा तेवढी पांढरी. मदतनीस बाईंनी नाव आणि वय विचारून कागदावर लिहून घेतलं. आत ती मास्क लावून उभी होती. मागच्या शेल्फवर बाकी सगळं आवरलेलं, फक्त माझं बाइंडिंग उभं होतं.
ती म्हणाली, वाचलं. सगळं, तळटीपांसकट. चांगलं लिहिलंयस. जांभईचं तुला कळलं होतं हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, ‘हो’ सापडलं का. सापडलं, शेवटच्या पानावर, असं ती म्हणाली. पण तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर तिने बाजूला ठेवून सीनियर बाईंना फोन केला, एकटीच येतेय म्हणून सांगितलं. पुढचं वाचलं ते तू एवढं बसून लिहिलंस म्हणून, असं म्हणाली.
मी म्हटलं, पण निष्कर्ष तर तुझ्याच बाजूने आहे. आणि मुदतवाढही मिळाली आहे, मी तिकडे येऊनही लिहू शकतो, पत्रिकेत चि. असलं तरी आता मला चालेल. हे सगळं एका दमात बोललो. इतकं भरभर मी कधी बोललो नव्हतो.
ती म्हणाली, नको.
एवढंच. मग हातमोजे घातले. मला वाटलं आणखी काही बोलेल म्हणून मी तसाच बसून राहिलो. तिने वरचा दिवा ओढून माझ्या तोंडावर आणला आणि म्हणाली, तोंड उघडा.
दोन वर्षांत तिने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.
दाढ किडलेली होती, आतून, बऱ्याच दिवसांपासून. भरता येईल म्हणाली. हात हलका आहे तिचा. मधे एकदा थांबून तिने विचारलं, दुखतंय का. तोंडात कापूस होता, त्यामुळे काही सांगता आलं नाही.