धूळ समजून पुसलेला थर

ती. आईस, लांब राहिलेल्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, फक्त दमते. प्रयोगशाळेतल्या बाईंनी महिनाभर खपून आरशावर केसाहून पातळ थर चढवला होता. साफसफाई करताना मी तो धूळ समजून पुसला. समोर दुसरा आरसा लावला, की मधे कोंडलेला उजेड त्या थरात असा मिसळतो, की उजेड नि थर, दोघांना वेगळं ओळखता येत नाही. आरसे काढले की दोघं पुन्हा वेगळे. बाईंच्या पुस्तकात वाचलं.

नोकरी जाणार हे धरूनच मी कबूल केलं.

"मावशी, लक्ष कुठं होतं?"

"ह्यांना जाऊन आज वर्ष झालं."

बाईंनी पुसलेला आरसा उचलून कपाटात ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या या. पण आरशांना हात लावाल तर बघा!"

तेव्हा काळजी नको. गुडघा कसा आहे?

आई, बाबा गेल्यावर तू तांदूळ एकटीपुरते कधी घ्यायला लागलीस? माझे अजून दोघांचेच पडतात.

तुझी,
थोरली