दहापैकी शून्य

४ मार्च, मंगळ.
ब्लॉकच्या लिफ्टमधल्या नोटिशीत दोन चुका होत्या. पेन काढून दुरुस्त केल्या. ओवी बरोबर होती, शिवाय तिची मैत्रीण. घरी आल्यावर चौदा वर्षांची पोर मला म्हणते, "आई, यू नीड अ हॉबी, लाह. लाइक, अर्जंटली." (लाह हे सिंगापूरच्या बोलीचं शेपूट.)
वि.ने (नवरा. रोज पूर्ण नाव लिहिण्याइतकं काही तो करत नाही) आधी सांगितलं की सिंगापुरात भिंती-लिफ्टवर लिहिलं तर काय काय होऊ शकतं. मग फोनवर एक जाहिरात दाखवली. इथल्याच पाया लेबार भागातली एक छोटी संस्था, युगांडात अनाथ मुलांची शाळा चालवते. मुलं इथल्या स्पॉन्सरना पत्रं लिहितात. ती आधी वाचायला माणूस हवाय, बिनपगारी.
पुण्यात अकरा वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. मग वि.च्या बँकेने आम्हाला टॅम्पिनीसमध्ये आणून टाकलं, आणि तेव्हापासून मी फक्त नोटिशी तपासतेय.

६ मार्च, गुरु.
गेले. चौथा मजला, एका बाजूला ट्यूशन सेंटर, दुसऱ्या बाजूला पाय दाबून देणारे. मधे संस्था. मिस चुआ, तिशीची, दोन फोन, गळ्यात छोटा पंखा. बाई एकटीच सगळं बघते.
"व्हेरी सिंपल वन, मिसेस जोशी." पत्रात घरचा पत्ता, फोन नंबर, कसली मागणी असं काही असेल तर खूण करायची. बस.
एवढंच? म्हटलं, बघू. चौतीस पत्रांच्या स्कॅनचं फोल्डर मिळालं. घरी येऊन छापली. कागद हातात असल्याशिवाय तपासल्यासारखं वाटत नाही.

११ मार्च, मंगळ.
चौतीस पत्रं. चौतीस! आणि पत्र एकच. "डियर स्पॉन्सर, मी बरा आहे. तुम्ही बरे आहात ना? मी मन लावून अभ्यास करतो. मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. डेव्हिड नावाच्या मुलाने तर ग्रेसच्या वहीत बघता बघता खाली सहीही "ग्रेस" अशीच केलीय.
असल्या कॉप्या मी पुण्यात नाही खपवून घेतल्या. सगळ्यांना दहापैकी शून्य. लाल पेनाने, गोल करून. प्रत्येकाखाली शेरा: बघून लिहिलं आहे. स्वतःचं लिहा. घरी कोण आहे, काय दिसतं, काय खाल्लं, खरं खरं लिहा.
वि. मागून डोकावला. "तू चौतीस अनाथ मुलांना शून्य दिलंस?"
"अनाथ असलं म्हणून कॉपी चालते का?"
फोल्डरवर शाळेचा ई-मेल होता, त्यावर सगळी पाठवून दिली. तपासलेले कागद मुलांकडेच जातात, आणखी कुठे जाणार.

१३ मार्च, गुरु.
दुसरीकडे जायचे होते. चुआकडे, आणि तिच्याकडून स्पॉन्सरना. सकाळी सव्वानऊला फोन.
"मिसेस जोशी. यू गिव्ह मार्क्स? टू ऑर्फन?"
या वयात बोलणी खाताना माणूस पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतो, हे आज कळलं.
पुढचं अजून वाईट. ते पत्र हेडमास्तर स्वतः फळ्यावर लिहून देतात, दर वर्षी. म्हणजे मी हेडमास्तरांना चौतीस वेळा शून्य दिलं. ते दुखावलेत. पण वर्गात म्हणे दंगल झाली. ग्रेसचं म्हणणं, डेव्हिडने माझं बघून लिहिलं तर मला शून्य का. आणि सगळ्यांना पुन्हा लिहायचंय. मार्क हवेत.
चुआ : "नो मार्क्स." मी : "हो." मनात : बघू.

२५ मार्च, मंगळ.
दुसरा गठ्ठा आला. देवा! हीच का ती मुलं?
मॅट्रन कशी घोरते ते एकाने लिहिलंय, बाजूला चित्र. चित्रात छपराचा पत्रा उडालाय. ग्रेस लिहिते, तुमचा फोटो खिडकीत ठेवला होता तो शेळीने खाल्ला, दोन दिवस तिला बरं नव्हतं, आता बरी आहे, दुसरा पाठवू नका, ती वाट बघते. डेव्हिड : "सोमवारी राजमा. मंगळवारी राजमा." असं शनिवारपर्यंत. "रविवारी प्रार्थना करून राजमा." या खेपेला सही स्वतःची. एकीने विचारलंय, सिंगापुरात फणस असतो का? त्यांच्याकडे दारात आहे. मी समासात लिहिलं की असतो, आणि आठळ्या टाकून देऊ नका, उकडून मीठ लावून खा.
जेवताना वि. मोठ्याने वाचत होता. ओवी ताट सोडून हसत होती. शेळीचं पत्र तिने तीनदा वाचलं.
मार्क दिले. पेन्सिलने, कोपऱ्यात, अगदी बारीक. डेव्हिड नऊ. एक मार्क अक्षराचा कापला.

२८ मार्च, शुक्र.
चुआचा फोन. हातात घेतानाच अंगठा फरशीवर गेला. पण बाई खुशीत. पत्रं स्पॉन्सरना पोचली, लोक फोन करकरून विचारतायत की खरंच मुलांनी लिहिलीत का. ग्रेसच्या स्पॉन्सरबाईंनी नवा फोटो पाठवलाय, लॅमिनेट करून. पेन्सिलचे मार्क चुआला दिसले होते. ते तिने चालवून घेतले. मी दिवसभर घरात उगाच गुणगुणत होते.

२ एप्रिल, बुध.
एक पत्र मागाहून आलं. अकेलो, वय अकरा. पहिल्या गठ्ठ्यात तिचं अक्षर सगळ्यात सुंदर होतं, तरी शून्यच दिलं होतं. मराठीत उतरवून ठेवते.
"प्रिय अंकल, तपासणाऱ्या बाईंनी लिहिलं की घरी कोण आहे ते खरं लिहा. माझ्या घरी माझी आई आहे. ती मेलेली नाही. ती लॉऱ्या थांबतात तिथे टोमॅटो विकते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती मला भेटायला येते, तेव्हा तिला मावशी म्हणायचं असतं. शाळेच्या कागदावर ती मेलेली आहे. तुम्हाला याचं फार वाईट वाटतं असं तुम्ही लिहिता. कृपया वाईट वाटून घेऊ नका."
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मोजल्याच नाहीत. भात खाली लागला.

३ एप्रिल, गुरु.
चुआने पत्र वाचलं आणि उठून दार लावून घेतलं. शाळेत आई-बाप नसलेल्यांनाच जागा, असा नियम. तिने हेडमास्तरांना फोन लावला. त्यांना माहीत होतं. आसपास दुसरी शाळा नाही, आईला लेक पोसणं झेपत नव्हतं, पोरीला डोकं आहे. म्हणून त्यांनी कागदावर आईला मारली. फोनवर त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांना दिलेल्या शून्यांची लाज वाटली.
स्पॉन्सर म्हणजे बुकित बातोकचे मिस्टर टे, सत्तरीचे. त्यांची आई ते लहान असताना गेली. म्हणून त्यांनी फॉर्मवर मुद्दाम लिहून मागितली होती, आई नसलेली मुलगी. पत्र गेलं तर ते हात काढून घेणार, आणि अकेलोची जागा जाणार.
"आस्क हर राइट अगेन," चुआ म्हणाली. "गोट, कॅन. बीन्स, कॅन. मदर, कॅनॉट."
दुष्ट नाहीये ती. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

६ एप्रिल, रवि.
अकेलोला काय शेरा लिहू? सकाळपासून पाच कागद.
"छान लिहिलंस, पण"... फाडला.
"आईबद्दल नको, दुसरं काही लिही." फाडला.
वि. म्हणाला, "तू खरं लिही म्हणालीस, तिने लिहिलं. आता परत तिलाच शून्य?" एरवी याला काही सुचत नाही.
ओवी म्हणाली, "गुड स्कूल मिळणार असेल तर मी पण लिहीन यू आर डेड." मग म्हणाली, "जोकिंग, लाह." मग उगाच सोफ्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. फोन न घेता.
मला भीती वाटतेय. खरं बोला म्हणायला माझं काय जातं? खऱ्याचा हट्ट माझा आणि जागा जाणार तिची. फळ्यावरचं पत्र उतरवून काढत होती तेव्हा ती सुरक्षित होती. मी नसते तर...

१० एप्रिल, गुरु.
पत्र परत द्यायला ऑफिसात गेले होते. शेरा अजून कोराच. चुआ म्हणाली, आज संध्याकाळपर्यंत काय ते ठरव. एवढ्यात दार उघडून एक म्हातारे गृहस्थ आत. हातात संत्र्यांची पिशवी. मिस्टर टे.
"एव्हरी मार्च लेटर कम. धिस टाइम डोन्ट हॅव." पिशवी चुआच्या टेबलावर ठेवली. "माय गर्ल सिक, इज इट?"
चुआ म्हणाली, नाही नाही, छान आहे, पोस्टाचा घोळ. ते म्हणाले, ठीक, ठीक. पण उठेनात. पुन्हा विचारलं, "रियली नॉट सिक?" संत्र्याची साल नखाने खरवडत होते.
मला ते बघवेना. पोरगी म्हणते वाईट वाटून घेऊ नका, आणि हे इथे बसून वाईट वाटून घेतायत. पत्र त्यांना लिहिलेलं, आणि पडलंय माझ्या पर्समध्ये. मी काढून दिलं. चुआ "मिसेस जोशी" एवढंच म्हणाली, फार हळू.
त्यांनी चष्मा लावला. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचतात. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. मग पुढे सरकलं. शेवटपर्यंत गेले, परत वर आले, परत वाचलं. पाय दाबणाऱ्यांच्या दुकानातलं गाणं भिंतीतून ऐकू येत होतं.
आता मी माफी मागणार होते. अकेलोतर्फे, हेडमास्तरांतर्फे, सगळ्यांतर्फे. इंग्रजी वाक्यं जुळवत होते, एक धड जुळेना. अकरा वर्षं शिकवलेलं इंग्रजी!
त्यांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली. पुढे स्पॉन्सर राहणार की नाही, एक शब्द नाही. मग मला विचारलं, "द मदर. सेल टोमॅटो. सिट अंडर द सन, ऑर गॉट शेड?"
मला माहीत नव्हतं. म्हटलं, विचारून सांगते.
चुआकडे मी बघितलं नाही.