गोष्ट संपल्यानंतरची चार मिनिटं

ता. ९ सप्टेंबर

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत. तुझ्या वहिनीची पाठ आता फक्त पाहुणे आले की दुखते. माझं सदर चालू आहे. दर आठवड्याला कुणाची तरी सालटी काढतो, लोक वा वा म्हणतात. भिंगरीचा पाय कसा आहे? प्लास्टर गुरुवारी काढणार ना?

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "बोल, दादा" म्हणतेस आणि माझी दातखीळ बसते.

महिन्यापूर्वी तू म्हणालीस, "पोरगी पडून पडून कंटाळलीय. एखाद्या संध्याकाळी ये, झोपताना गोष्ट सांग तिला." मला काम होतं. म्हणजे नव्हतं. मी शिंक न येणाऱ्या उंटाची गोष्ट फोनवर रेकॉर्ड केली आणि पाठवून दिली. उंटाचा आवाज वेगळा, वैद्याचा वेगळा, सगळं साग्रसंगीत. तुझं उत्तर आलं, "छान झालीय." एवढंच. मी म्हटलं, दमली असेल.

काल तू अंघोळीला गेली होतीस, तेव्हा भिंगरीने तुझ्या फोनवरून मला फोन लावला.

"मामा, गोष्ट संपल्यावर पण तू बोलतोस! आई रोज तिथेच बंद करते. आज मी सगळं ऐकलं."

रेकॉर्डिंग थांबवायला मी विसरलो होतो, आणि न ऐकताच पाठवलं होतं. मग काल स्वतः ऐकलं. चार मिनिटं. कपबशा वाजतायत आणि मी तुझ्या वहिनीला सांगतोय, "सुटलो! पोरीचं नुसतं निमित्त गं. नवरा गेल्यापासून हिला प्रेक्षक लागतात." ती म्हणते, "काहीतरीच तुमचं!" आणि हसते. मग मी हसतो. तिच्यापेक्षा जास्त वेळ.

रागात नव्हतो गं. राग असता तर बरं झालं असतं. वाक्य जमलं म्हणून खूश होतो.

म्हणजे महिनाभर तू तो उंट लावतेस, नेमक्या जागी मला थांबवतेस आणि लेकीसाठी मामा चांगला ठेवतेस. एकदा शिव्या घातल्या असत्यास तर मी उलट बोललो असतो. तू ती सोयही ठेवली नाहीस.

आता कालच्या फोनचं उरलेलं. भिंगरीने विचारलं, "प्रेक्षक म्हणजे काय रे?"

मी म्हटलं, "जे नुसते बसून बघतात, मदतीला येत नाहीत ते."

"म्हणजे तू?"

"हो," म्हटलं. तिला पटलं. लगेच कुजबुजली, "मी ऐकलं ते आईला नको सांगू हं. तिला वाईट वाटेल."

तरी सांगतोय. सहा वर्षांच्या पोरीने तुला जपायचं, तू तिला, आणि दोघींनी मिळून मला, हे मला सोसत नाही. तिला रागावू नकोस.

गुरुवारी नऊला येतो. तिला उचलून दवाखान्यात नेऊ, मग तुझ्यासमोर बसतो. तू बोल. माफी इथे लिहीत नाही. कागदावर मी ती फार सफाईने मागतो.

तुझ्या गप्प राहण्याला भ्यायलेला,
दादा