पांढऱ्या दगडावरची विभूती

आप्पा, दुकानातला दगड बदलला मी. तुमच्या माघारी अहमदपुरात काय काय बदललं, त्याचं तुम्हाला काही वाटणार नाही. पण गल्ल्यापुढच्या काउंटरवरची शहाबादी फरशी काढली म्हटल्यावर तुम्ही समाधीतून उठूनच बसाल. बसाल काय, आपल्या लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात, म्हणजे बसलेले तर तुम्ही आहातच. आता उभे राहाल आणि विचाराल, कुणाला विचारून काढलीस? कुणालाच नाही, आप्पा. विचारायला होतं कोण?

किराणा बंद करून मी त्याच जागेत मेडिकल टाकलं, त्यालाही आता वर्षं झाली. फरशी तेवढी तुमचीच ठेवली होती. पण लई छळलं तिनं. सिरप सांडलं की पिऊन टाकायची, मग मुंग्यांची रांग. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी काउंटरकडं बघतं आणि मग चिठ्ठी पुढं करतं, हे तुम्हाला कसं पटावं, तुमच्या तेला-गुळाच्या राज्यात डाग म्हणजे बरकत. यंदा उन्हाळ्यात सलाईनचं खोकं आपटलं आणि ती मधोमध तडकली. सिमेंट भरून बघितलं, दोन महिन्यांत परत उघडली. मग मात्र इलाज राहिला नाही.

त्या फरशीवरून तुमची एकदाच बोलणी खाल्ली आहेत मी, ती अजून कानात आहेत. शाळेतून आले, फरशीवर चढून बसले, पाय हलवत गूळ खात राहिले. तुम्ही हातातला तराजू खाली ठेवता. आवाज तुमचा कधी चढत नाही, तेव्हाही चढत नाही. म्हणता, "उतर खाली. सकाळी तुझ्या आईनं हितं इभूती लावलीया, अन् तू त्याच्यावर बूड टेकून बसलीस?" मी उतरते. तेवढ्यात गिऱ्हाईक हसतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तेव्हापासून मी आईचं ते लावणं नीट बघायला लागले. शटर अर्धं वर करायचं, ओल्या फडक्यानं दगड पुसायचा, विभूती पाण्यात कालवून तीन बोटांनी आडवे पट्टे ओढायचे. ते वाळून पांढरे उमटले की शटर पूर्ण वर, आणि मग भवानी. त्याच्या आधी दारात कुणी रडत आलं तरी आगपेटीसुद्धा विकायची नाही.

आता आईचं सांगते. ती विसरायला लागली आहे, आप्पा. जेवलेलं विसरते, माझं नाव तोंडाशी येऊन थांबतं. तुम्ही गेलात हेही ती विसरली. तिच्या लेखी तुम्ही माल आणायला नांदेडला गेलात आणि गाडी चुकली. "अजून कसे आले न्हाईत गं?" म्हणून रोज विचारते. मी "येतील" म्हणते. खरं सांगायची छाती झाली नाही माझी. पण सकाळी दुकानात आणली की तिचा हात चुकत नव्हता. फडकं, पाणी, तीन पट्टे. पट्टे उमटले की तोंडावर कसं समाधान यायचं! मग दिवसभर गल्ल्यामागं मालकिणीसारखी बसायची, गिऱ्हाइकांना "या, बसा" म्हणायची. माझ्या आईपैकी एवढीच आई उरली होती, आणि ती त्या दगडापाशी होती.

लातूरला गेले दगड बघायला. दगडवाला चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. संगमरवर त्यानंच मोडीत काढला, "औषधं सांडणार, खाऊन टाकतील त्याला." सनमाईका लावलेल्या प्लायवूडला पाणी लागलं की फुगतं, हे मला माहीत होतं. मग त्यानं काळ्या ग्रॅनाईटवर पाण्याचा हबका मारला. "ताई, डोळे झाकून ह्यो घ्या. तुमची नातवंडं वापरतील." त्या ओल्या काळ्या दगडात मला माझं तोंड दिसलं. शेताच्या बांधाला तुमच्या समाधीवर बसवलाय, तो असाच. तुमचं नाव वाचायला वाकलं की त्याच्यात आपलंच तोंड दिसतं. त्याच्यावर दिवसभर गोळ्यांची पाकिटं कापायची? सुट्टे मोजायचे? मी म्हणाले, काळा नको. तो म्हणाला, "मग हिरवा? लाल?" मी म्हणाले, पांढरा. ज्यात काहीच दिसणार नाही असा. त्यानं पांढरं क्वार्ट्झ दाखवलं, गुळगुळीत, डाग न धरणारं. मी लगेच होकार दिला. तुम्ही असता तर तीन दुकानं फिरवून परत पहिल्याच दुकानात आणलं असतं; त्या फिरण्यात तरी माझं डोकं चाललं असतं.

दगड बसला. सगळ्यांनी वाखाणला, दुकान कसं उजळलं म्हणाले. सकाळी आई आली, फडकं घेतलं, पट्टे ओढले आणि वाट बघत बसली. पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार, आप्पा? लिंगायताच्या घरात जन्मलेल्या बाईला एवढं सुचू नये? तिनं पुन्हा ओढले. पुन्हा. विभूतीची सगळी वडी संपवली, दगडभर राख झाली, तरी पट्टा काही दिसेना. बाहेर तापाचं लेकरू घेऊन एक बाई उभी होती, मी शटर वर करायला गेले तर आईनं माझं मनगट धरलं. "इभूती लागंना गेली, अन् तू भवानी करतीस?" दोन-तीन दिवस असं झालं. मग एका सकाळी ती काउंटरच्या बाहेरच उभी राहिली. "मला घरी ने. हितं कुणाच्या दुकानात आणून बसवलीस?"

मी पुन्हा लातूर गाठलं. दगडवाल्याकडून काळ्या ग्रॅनाईटचा पाटाएवढा तुकडा आणला, पांढऱ्यावर ठेवला. खुपला तर खुपू दे माझ्या डोळ्यांना, म्हटलं. आईला आणलं. तिनं तुकडा पुसला, तीन पट्टे ओढले. ते वाळले, ठसठशीत उमटले. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर तिनं त्या दगडावर डोकं टेकलं. आधी दर सोमवारी तुमच्या समाधीवर टेकायची, तसं. वर बघितलं तेव्हा तिचे डोळे अगदी पहिल्यासारखे होते, सगळं कळणारे. "हे गेले? लिंगैक्य झाले?" म्हणाली. "कवा गं? मला कुणी सांगितलं का न्हाई?" आणि मग जी रडली, आप्पा, ती तुमच्या मातीच्या दिवशीसुद्धा रडली नव्हती. तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ह्या खेपेला तिच्याजवळ मी एकटी होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विसरली. विसरली म्हणून मी देवाचे आभार मानले, काय वेळ आली बघा. काळा तुकडा मागच्या अंगणात टाकला. आता ती विभूती मागत नाही. बाहेर, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसते.

आज दुपारी तिथूनच म्हणाली, "नांदेडला एक चिट्टी तर टाक. म्हणावं, माल ऱ्हाऊ द्या, घरी या." म्हणून हा कागद घेतला. मघाशी तिनं विचारलं, "लिव्हलंस?" हाव म्हटलं. "काय लिव्हलंस?" घरी या म्हणून लिव्हलंय, म्हटलं, उद्या टाकते. ते मी लिहिलेलं नाही, आप्पा. एवढं पानभर लिहिलं, पण ते लिहायला हात धजत नाही. एकदा लिहिलं की तिच्यासारखी मीही वाट बघत बसेन.