नऊ शब्द

सोमवार, १७ जून

ताई,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही.

मी बरा आहे. खोकला गेला. घरमालकाने अखेर नळ बदलला, त्यामुळे तू मागच्या खेपेला खाली घालून गेलेलं फडकं आता कोरडं असतं. तुझी भावजय रोज विचारते, ताई फोन का उचलत नाहीत? मी म्हणतो, कामात असेल. ती बरं म्हणते आणि माझ्याकडे बघत राहते. तिला सगळं ठाऊक आहे.

तुला चौकशीच्या खिडकीवरून उठवून रुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलंय, हे औषधांच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "एवढं शिकलात ते ह्यासाठी का?" म्हणाल्या. गुरुवारी दहाला चौकशी आहे आणि तू नोटिशीला अजून एका ओळीचंही उत्तर दिलेलं नाहीस, हेही त्यांनीच सांगितलं. बारा वर्षं दिवसभर बोलणारी माझी ताई गप्प बसली आहे. मला झोप कशी लागावी?

माझ्या अभ्यासावर वर्तमानपत्रात दिलेल्या लेखात मी रुग्णालयाचं नाव घातलं नव्हतं. 'चौकशीची एक खिडकी, एक महिला कर्मचारी' एवढंच लिहिलं होतं. पण त्यांनी मथळा दिला, 'गरिबाला नऊच शब्द!' अधीक्षकांना ओळखायला कितीसा वेळ लागणार? खिडकीशेजारची ध्वनिमुद्रणाची पाटी त्यांच्याच परवानगीने लागली होती.

ती पाटी तू चिकटवलीस. रेकॉर्डरला तू 'तुझं बाळ' म्हणायचीस, रुमालात गुंडाळून कठड्यावर ठेवायचीस आणि रांगेला दम द्यायचीस, "नीट बोला, माझा भाऊ ऐकतोय." मी दिलेल्या वहीत तू अकरा दिवस एकही माणूस न चुकवता लिहिलंस. पायात बूट. पायात चपला, एक तुटकी. हातात एक्स-रे, बरोबर कोणी नाही. इतकं चोख काम माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेलं नाही.

आता आडपडदा नको. मी तुला सांगितलं होतं, लोक कसे बोलतात ते बघायचंय. ते अर्धंच खरं होतं. समोरचा माणूस कोण आहे हे बघून आपण बोलणं कसं बदलतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. मी खिडकीबाहेरच्यांना मोजत नव्हतो. मी तुला मोजत होतो. तुला सांगितलं असतं तर तू जपून बोलली असतीस आणि माझा अभ्यास वाया गेला असता. म्हणून नाही सांगितलं. आमच्या धंद्यात अशी लपवाछपवी चालवून घेतात, असं मी स्वतःला समजावलं.

आकडे सुबक आले. बूटवाल्याला सरासरी सव्वीस शब्द, तुटक्या चपलेला नऊ. माझे मार्गदर्शक सर पाठीवर थाप मारून म्हणाले, "असा तक्ता नशिबाने मिळतो." मी तरंगत घरी आलो.

कालपासून मी मूळ ध्वनिमुद्रण परत ऐकतो आहे. सातव्या दिवसाचा एक माणूस. तू त्याला म्हणतेस, "कागद दाखव. हे इथं नाही. थांब तिथंच. आलेच मी." मोजून नऊ शब्द. त्यानंतर खुर्ची सरकते, बाजूच्या दाराची कडी वाजते आणि चार मिनिटं काहीच नाही. नुसती रांगेची कुजबुज. मग पुन्हा कडी, पुन्हा खुर्ची, आणि धापा टाकत तू, "हं, पुढचे?"

दहा सेकंदांहून मोठी शांतता कापायची, हा माझा नियम. कोणी बोलत नसेल तर तिथे भाषा नाही, म्हणून मोजायचं कारण नाही. अकरा दिवसांत अशा एक्केचाळीस जागा मी कापल्या.

अजून एक सांगायचं आहे, आणि चार पानं फाडून झाली तरी ते लिहायला हात धजत नव्हता. मला हे काल कळलेलं नाही. नवव्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात मी विचारलं होतं, मध्ये मध्ये जातेस कुठे? तू भांडी विसळत होतीस. म्हणालीस, "अरे, बूटवाल्यांना पाट्या वाचता येतात, त्यांना सांगितलं की झालं. ह्यांना हाताला धरून न्यावं लागतं. तिथं बोलत काय बसू?" रेकॉर्डर टेबलावर चालूच होता. तेही माझ्याकडे आहे.

म्हणजे मला माहीत होतं, ताई. माहीत असून मी तक्ता छापला, कारण ती एक्केचाळीस माणसं आत घेतली असती तर तो कोसळला असता. आणि खरं सांगायचं तर तुझं ते तुटक, खडबडीत बोलणं मला चारचौघांत नेहमीच खुपलं. विद्यापीठात तू डबा घेऊन आलीस तेव्हा मी तुला जिन्यातच गाठून परत पाठवलं होतं. त्याच बोलण्यावर मी लहानाचा मोठा झालो, म्हणून त्याचा अर्थ मला तरी कळायला हवा होता. मला माझी लाज वाटते.

आज सकाळी सरांना भेटून प्रबंध मागे घेतला. ते तापले, "चार वर्षं पाण्यात घालतोस!" मी हो म्हणालो. यात तुझ्या परवानगीचा प्रश्न नव्हता.

पण पुढचं तुला विचारल्याशिवाय करता येत नाही. गुरुवारी मी अधीक्षकांपुढे येऊन सांगणार की मोजणी खोटी आहे, मी ध्वनिमुद्रणातला भाग गाळला. ते विचारतील, कोणता? ती शांतता ऐकवली तर तू कोणाला हिडीसफिडीस केलं नाहीस हे कळेल. पण तू एक्केचाळीस वेळा खिडकी सोडलीस, हेही कळेल. कामाच्या वेळेत जागा सोडायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. तू नोटिशीला उत्तर का दिलं नाहीस, ते माझ्या आता ध्यानात आलं. काहीही बोललीस तरी खिडकी जाणारच, म्हणून तू गप्प राहिलीस.

सगळं ध्वनिमुद्रण असलेलं रेकॉर्डरचं कार्ड सोबतच्या पाकिटात आहे. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. ऐकवायचं असेल तर येताना घेऊन ये. नको असेल तर चुलीत घाल; मग मी एवढंच सांगेन की दोष माझा, आणि पुढे तोंड उघडणार नाही. मागच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं. या वेळी विचारतो आहे.

गुरुवारी पाऊण तास आधीच येऊन तुझ्या कागदपत्रांच्या खोलीच्या दारापाशी थांबतो. मला माफ कर असं म्हणत नाही, ते मागायचं तोंड नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नऊ शब्दसुद्धा नकोत. फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला, की तू येते आहेस हे मी समजेन.

ज्याला तू काही न बोलता हाताला धरून शाळेच्या दारापर्यंत नेलंस,
तो तुझा भाऊ