सहा इंची चिमाजी वस्ताद

५ जानेवारी २०२५, रविवार

मी, वाल्मीक सहादू पाळदे, वय वर्षे पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सातपूर येथील एका औषध कारखान्यात भांडार व्यवस्थापक, राहणार इंदिरानगर, नाशिक. ही रोजनिशी एका कामापुरती लिहीत आहे. ते काम असे — कै. चिमाजी पहिलवान यांची सहा इंची फिगर, म्हणजे हातपाय वळणारी छोटी मूर्ती, तयार व्हावी. अर्जाची मुदत ३१ जानेवारी.

माझ्या काचेच्या कपाटात आज तेवीस फिगर आहेत. सगळे परदेशी कुस्तीगीर, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे. तंबूत, नाटकगृहात, तिकीट लावून लढणारे — व्यावसायिक कुस्तीची सुरुवात करणारे लोक. पिळदार मिशा, घोट्यापर्यंतच्या विजारी, वाद्या बांधलेले बूट. प्रत्येकाचे अंग चौदा ठिकाणी वळते. पेटीवरही चौदाच लिहिले आहे, तरी मी मोजून घेतले. माझी पत्नी सुवर्णा त्यांना बाहुल्या म्हणते. आज तिच्या माहेरच्या माणसांदेखत म्हणाली, "ह्यांच्या बाहुल्यांवर धूळ चालत नाही. माळ्यावर दोन बोटं चालते!" सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

ज्या पुण्याच्या छोट्या कंपनीकडून मी या फिगर घेतो, तिने आता पहिला भारतीय कुस्तीगीर करायचे ठरवले आहे. नावे संग्राहकांनी सुचवायची. अटी तीन — छायाचित्र, त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेल्याने केलेले वर्णन, आणि वारसाची लेखी संमती. मला नाव शोधावे लागले नाही. चिमाजी पहिलवान म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, वस्ताद. घोटीच्या तालमीत त्यांनीच अण्णांना घडवले. नंतर १९५६ साली ते मुंबईला गेले आणि तिकिटाच्या कुस्त्या खेळू लागले. माझ्या माहितीप्रमाणे आमच्या भागातून या वाटेने गेलेले ते पहिलेच!

त्यांना पाहिलेला माणूस तर माझ्या घरातच आहे. अण्णा शहाऐंशीव्या वर्षात आहेत आणि स्मरण उत्तम. काम सोपे दिसते.

६ जानेवारी, सोमवार

सोपे नाही. अण्णांनी वर्तमानपत्र खालीसुद्धा केले नाही. पानाआडून आवाज आला — "त्या माणसाचं नाव या घरात काढू नको."

८ जानेवारी, बुधवार

दोन दिवसांनी पुन्हा विचारले. आज एवढेच म्हणाले, "नुरा खेळायचा तो. ठरवून पाठ टेकवायचा. त्याची बाहुली करतो व्हय?"

नुरा म्हणजे आधीच निकाल ठरवून केलेली कुस्ती. तालमीत याहून वाईट शब्द नाही. तिकिटाच्या कुस्त्या बव्हंशी तशाच असत हे मला ठाऊक आहे. माझ्या कपाटातले निम्मे लोक त्यावरच नावाला आले. तो एक वेगळा खेळ आहे, त्याचे कसब वेगळे, असे मी म्हणू लागलो. अण्णा उठून गॅलरीत गेले.

घोटीत काय घडले ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक लग्नात कोणी तरी काका ते सांगतोच. १९५८ चा चैत्र. जत्रेला चिमाजी मुंबईहून आले. तालमीच्या पंचांनी अट घातली — तिकडे ठरवून पडणाऱ्याने इथल्या मातीत एक खरी कुस्ती करून दाखवावी, नाही तर तालमीचा उंबरा ओलांडू नये. आणि समोर उभे केले त्यांच्याच सर्वांत तयारीच्या पठ्ठ्याला — अण्णांना, वय एकोणीस. पठ्ठ्याने वस्तादाशी लढायचे नाही हा रिवाज. तो पंचांनी त्या दिवशी मोडला. पावणेदोन मिनिटांत अण्णांनी ढाक लावली — हात काखेत आवळून कमरेवरून फेकण्याचा डाव — आणि वस्ताद चितपट! गुलाल, हलगी, अण्णा लोकांच्या खांद्यावर. चिमाजींनी त्याच दिवशी गाव सोडले. तालमीतला त्यांचा फोटो पंचांनी उतरवला.

अर्जात ही कुस्ती लिहावीच लागेल. खरे ते खरे.

९ जानेवारी, गुरुवार

वारस सापडला! चिमाजींची मुलगी अंबूबाई, हरसूलला दिली आहे. वय शहात्तर. रविवारी जाणार.

१२ जानेवारी, रविवार

गिरणारेमार्गे हरसूल. अंबूबाई अंगणात नागली पाखडत होत्या. माझ्या हातातली फाइल पाहून म्हणाल्या, "कोन रं तू? ब्यांकेवाला का?"

नाव सांगितले. सूप थांबले. "सहादूचा पोरगा," एवढेच बोलून पुन्हा पाखडू लागल्या. मी सोबत नेलेली एक फिगर दाखवली आणि कारण सांगितले. त्यांनी ती हातात घेऊन उलटी-पालटी केली, पाय वाकवून पाहिला, आणि खो-खो हसल्या. "माझ्या बापाची बाहुली! येवढ्या माणसाची येवढीशी?"

मी प्रश्नावली काढली.

"उंची किती होती?"

"तुझ्यासारखे दोन."

"फूट-इंचात सांगता येईल?"

"मी काय शिंपी हाये का?"

कुस्तीत मोडलेला डावा कान? "भज्यावानी. मी तो धरून झोपायची."

मग स्वतःच उठून ट्रंकेतून फोटो आणला. मी थक्क झालो! लंगोटातला पहिलवान पाहण्याची तयारी ठेवून गेलो होतो. फोटोत होता पायघोळ झगा पांघरलेला, दोन्ही हात पसरलेला, खुशीत हसणारा माणूस. मुंबईत काढलेला, कृष्णधवल. मी रंग विचारला. "जांभळा. आईनं तिचं लगनातलं लुगडं फाडून शिवला. लोकं शिट्ट्या मारायचे म्हनं." त्या लुगड्याचा उरलेला तुकडा गोधडीत अजून आहे. मी रंगपत्रिका नेली होतीच. गोधडी उन्हात पसरून ताडून पाहिले — सतरा आणि अठरा क्रमांकांच्या मधला. अठराकडे झुकणारा.

"वडील घरी आले की काय करत?"

"पडायचे," अंबूबाई म्हणाल्या. घरामागे भाताचा पेंढा रचलेला असे, त्यावर पडण्याचा सराव चाले. अंबूबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. त्यांनाही शिकवले. "हनुवटी छातीला. तळहात आधी, पाठ मागून. म्हनायचा, समोरच्यानं उचललं की त्याचा जीव माझ्या हातात आन माझा त्याच्या. कुनालाच लागलं नाय पायजे, आन बघनाऱ्याला वाटलं पायजे की मेला!" आणि शहात्तर वर्षांच्या या बाईंनी बसल्या जागी एका कुशीवर कलंडून तळहात जमिनीवर असा आपटला की नागलीवरची चिमणी उडाली. सून आतून ओरडली, "आत्याबाई! काय पडलं?" — "तुझा आजेसासरा!"

मी संमतिपत्र पुढे केले. त्यांनी त्याची घडी घातली आणि सुपाखाली ठेवली.

"अंगठा देते. पन सहादूनं हितं यावं. त्या दिवशी मातीत काय झालं ते माझ्यापुढं सांगावं. मंग."

मी म्हणालो, ते तर सगळ्यांना माहीत आहे. पावणेदोन मिनिटे, ढाक.

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "मंग त्याला सांगायला काय जड हाये?"

१३ जानेवारी, सोमवार

फोटो कंपनीच्या शिल्पकार आरोही यांना पाठवला. दहा मिनिटांत फोन! "काका, हा झगा! हा माणूस! आम्हाला हेच हवं होतं, फक्त ते आहे हे माहीत नव्हतं!" झगा खऱ्या कापडाचा करणार. कानासाठी वेगळा साचा. मी रंगाबद्दल बोललो तर म्हणाल्या, "सतरा आणि अठराच्या मधला मी बनवते, तुम्ही संमती आणा." मोठ्या आकाराची मूर्ती त्यांनी आजच घडवायला घेतली — संमतीच्या आधी, स्वतःच्या जबाबदारीवर.

इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. जेवताना दोनदा सुवर्णाने विचारले, "कसलं हसताय?"

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अण्णांना तिळगूळ देताना अंबूबाईंची अट सांगितली. तिळगूळ घेतला. गोड बोलले नाहीत, कडूही नाही.

१८ जानेवारी, शनिवार

कारखान्यातून आलो तर कपाट उघडे! अण्णा खुर्चीत, हातात सात क्रमांकाची फिगर, चष्मा कपाळावर. मला न पाहताच म्हणाले, "ह्याचा कान बरोबर केलाय. आत वळतो तसा."

मी पिशवी खाली ठेवली.

"हा पण नुरा?"

"काही नुरा, काही खऱ्या."

"आन तू काचेत ठेवतोस."

"धूळ बसू नये म्हणून."

सुवर्णा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अण्णा, जपून हां, ती बाहुली मोडली तर तुम्हाला घराबाहेर काढतील, मलाही!" अण्णा चक्क हसले. तेव्हा मी संधी साधली. पेंढ्यावरचा सराव सांगितला, लुगड्याचा झगा सांगितला. म्हणालो, अण्णा, तो माणूस कुणाला फसवत नव्हता. पडण्याची विद्या शिकत होता, मुलीलाही शिकवत होता.

फिगर त्यांनी जागेवर ठेवली. अगदी सरळ, मी ठेवतो तशीच. "पेंढ्यावर," एवढेच बोलले, आणि आत गेले.

२१ जानेवारी, मंगळवार

मुदतीला दहा दिवस. माझी मुलगी वेदिका पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, आजोबा जाणार नाहीत. त्यांच्या नावाने तुम्हीच एक माफीचं पत्र लिहा ना. आजीबाईंना वाचून दाखवा. कोण तपासतंय?"

मी तपासतो. एवढेच सांगून फोन ठेवला. नंतर वाईट वाटले — ती मदतच करत होती. पण ज्या माणसावर आयुष्यभर ठरवून खेळल्याचा आरोप झाला, त्याची मूर्ती ठरवून लिहिलेल्या पत्रावर उभी करायची? ते माझ्याच्याने होणार नाही. मूर्ती झाली नाही तर न होवो.

२२ जानेवारी, बुधवार

आरोहींनी मातीतल्या मूर्तीचा फोटो पाठवला. हात पसरलेले, कान मोडलेला. मी तो मोठा छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काहीही न बोलता कामावर गेलो. संध्याकाळी फोटो टेबलावर नव्हता. सुवर्णाने डोळ्यांनी अण्णांच्या खोलीकडे खूण केली.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी मी दाढी करत असताना अण्णा मागे येऊन उभे राहिले. आरशातच बोलले. "खांदे अजून रुंद पायजेत म्हणावं त्या बाईला. आन मान आखूड. मान दिसायचीच नाय त्याची."

मी ब्रश खाली ठेवून लिहून घेतले. साबण वाळला.

दाराशी जाऊन थांबले. "रविवारी गाडी काढ. हरसूलला."

सुवर्णाला सांगितले तर ती कणीक मळता मळता रडायला लागली, आणि मला म्हणाली, "तुम्ही मात्र तिथे घड्याळ लावून बसू नका!"

२६ जानेवारी, रविवार

अंबूबाईंनी बाज दाखवली. अण्णा बाजेवर बसले नाहीत. मला धरून खाली, जमिनीवर बसले. बराच वेळ गेला. किती, ते मी पाहिले नाही.

मग म्हणाले — शब्द जसेच्या तसे देत आहे — "माझ्याच्यानं त्याचा हात हालत नव्हता, अंबू. खांब धरल्यासारखा. मी रडकुंडीला आलो होतो. पंच वरडत होते. तवा त्यानं माझ्या मानेवर डोकं ठेवलं आन कानात म्हनला, 'ढाक लाव, पोरा. मी पडतो. माझं नाव गेलंच हाय, तुझं होऊ दे.' मी लावली. तो पडला. मला खांद्यावर घेतलं, मी काय बोललो नाय. आन जल्मभर त्यालाच नुरा म्हनत बसलो. नुरा मी खेळलो, अंबू."

अंबूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून मला विचारले, "कुठं उठवायचा रं अंगठा?"

वाल्मीक सहादू पाळदे
हरसूल, २६ जानेवारी २०२५